फळबाग, वाचकांचे प्रश्न : सप्टेंबरअखेर पिकणारं पीच

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं की कॅलिफोर्नियातल्या आमच्या सॅन वाकीन खोऱ्यात मे ते ऑगस्ट पिकणारे पीचचे वाण भरपूर आहेत, पण सप्टेंबरच्या उत्तरार्धासाठी बागायतदाराला भरवशाचा वाण हवा आहे. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. पहिल्या दोन प्रश्नांना जागा जास्त लागली आहे, कारण खरं काम तिथंच आहे.

प्रश्न : ताई, आम्ही मोडेस्टोजवळ राहतो. सासूबाईंनी काही वर्षांपूर्वी परसात लावलेल्या कोयीतून पीचचं झाड झालं. त्याची फळं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिकतात. मोठं फळ, पिवळा गर, चवीला उत्तम. शेजारचे बागायतदार म्हणतात, एवढ्या उशिरा येणाऱ्या फळाला भाव आहे, पेटंट घ्या आणि नर्सरीला द्या. हा नवीन वाण म्हणून व्यापारी बागांना देता येईल का? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, मोडेस्टो)

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कोयीतून सहज उगवलेलं झाड म्हणून कोणी त्याला कमी लेखू नये. जॉर्जियात मार्शलव्हिल इथं सॅम्युअल रम्फ यांनी १८७० मध्ये चायनीज क्लिंग पीचच्या कोया लावल्या. त्यातल्या एका झाडाला त्यांनी पत्नीचं नाव दिलं, एल्बर्टा. पुढची कित्येक दशकं अमेरिकेतला पीचचा व्यापार मुख्यतः त्या एका झाडापासून केलेल्या कलमांवर चालला. आणि तुम्ही तर मोडेस्टोचे. फळांच्या संकरणात आयुष्य घालवलेले फ्लॉइड झायगर तुमच्याच गावचे. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांनी काढलेले पीच, नेक्टरिन (लव नसलेलं पीच) आणि प्लुओट (प्लम आणि जर्दाळूचा संकर) आज जगभर लावले जातात.

आता कामाचं बोलू. आज तुमच्या हातात एक चांगलं झाड आहे. बागायतदार एकदा बाग लावतो ती बारा-पंधरा वर्षांच्या हिशोबानं. त्यामुळे त्याच्या जमिनीत, त्याच्या पाण्यावर, त्याच्या मजुरांच्या हाताखाली हेच झाड कसं वागतं हे कळल्याशिवाय त्याला 'वाण' म्हणून देऊ नका.

पहिली गोष्ट, एक वही करा. फूल पूर्ण भरात कधी आलं आणि पहिला तोडा कधी मिळाला, या दोन तारखा दरवर्षी लिहा. पीचचं फळ कधी पिकेल हे मुख्यतः फुलापासून पिकेपर्यंत त्याला किती दिवस लागतात यावर ठरतं. अगदी लवकरच्या वाणांना दोन-अडीच महिने पुरतात, तुमच्या झाडाला साडेसहा-सात महिने लागत असणार. हे दिवस दरवर्षी सारखे नसतात. फुलोऱ्यानंतरचा पहिला महिना उबदार गेला की सगळाच हंगाम लवकर येतो आणि फळही थोडं बारीक राहतं. म्हणून नुसती कॅलेंडरची तारीख कामाची नाही. जवळच्या बागेत ओ'हेन्री हा पीचचा वाण असेल तर त्याचा पहिला तोडा आणि तुमच्या झाडाचा पहिला तोडा यांच्यात किती दिवस जातात ते मोजा. जगभर हेच माप रेडहेवन या वाणावरून घेतात. मिशिगनच्या साऊथ हेवन केंद्रात स्टॅन्ली जॉन्स्टन यांनी १९४० मध्ये तो दिला, आणि आजही नव्या वाणाच्या माहितीपत्रकात 'रेडहेवननंतर इतके दिवस' असंच छापलेलं असतं.

दुसरी गोष्ट, झाड खरोखर उशिराचं आहे की त्याला उशीर होतोय, हे तपासा. परसातल्या झाडाची फळं सहसा कोणी विरळ करत नाही. झाडावर माल जास्त राहिला की फळ बारीक राहतं आणि पिकायलाही मागे पडतं. सावली आणि नत्राचा मारा यांनीही तेच होतं. पुढच्या एप्रिलमध्ये फळ बोराएवढं असतानाच विरळणी करा, दोन फळांत वीतभर अंतर ठेवा. एवढं करूनही झाडानं सप्टेंबरचा शेवट सोडला नाही, तर ती त्याची स्वतःची तारीख समजा.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणारं. ऑगस्टअखेर डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या काड्या, काढून नेमागार्ड खुंटावर (कलमाला मुळं देणाऱ्या रोपावर) डोळे भरून घ्या. आमच्या वालुकामय जमिनीत मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचा त्रास असतो आणि नेमागार्ड त्याला दाद देत नाही, म्हणून इथले बहुतेक बागायतदार तोच खुंट घेतात. अशी झाडं एका ठिकाणी लावू नका. तुमच्याकडे, शेजाऱ्यांकडे आणि खोऱ्याच्या दक्षिणेकडे, जिथं उन्हाळा अजून कडक असतो, अशा निदान तीन जागा करा. तिसऱ्या वर्षी फळ दिसू लागेल. तिन्ही जागी फळ तसंच आलं तर पुढं बोलू.

पण डोळकाडी झाडाबाहेर जाण्याआधी विषाणूची तपासणी करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. परसातल्या झाडात रिंगस्पॉटसारखा विषाणू लक्षणं न दाखवता बसलेला असू शकतो. पेनसिल्व्हेनियात १९९९ मध्ये प्लम पॉक्स हा विषाणू सापडला. बागाच्या बागा उपटाव्या लागल्या, आणि देशातून तो संपल्याचं जाहीर व्हायला २०१९ उजाडलं. प्रेमानं शेजाऱ्याला दिलेल्या एका काडीतून एवढं नुकसान होऊ शकतं.

आता फळाकडे या. उशिराचा वाण म्हटलं की सगळे तारखेवर खूश होतात. मी मात्र विचारते, शेवटच्या सहा आठवड्यांत या फळावर काय काय गुजरलं? पीचच्या शेंड्यांत आणि फळांत शिरणाऱ्या पतंगांच्या इथं एका हंगामात अनेक पिढ्या होतात. जूनमध्ये तोडलेलं फळ पहिल्या पिढीलाच तोंड देतं, सप्टेंबरचं फळ सगळ्यांना. तपकिरी कुजीचे बीजाणू तोवर बागेत भरपूर झालेले असतात आणि सप्टेंबरात एखादी पावसाची सर आली की फळ हातचं जातं. पाण्याचंही तसंच. मेमध्ये माल निघून गेलेल्या बागेचं पाणी बागायतदार उन्हाळ्यात काही प्रमाणात तोडू शकतो, तुमच्या वाणाला मात्र तोड्यापर्यंत पूर्ण पाणी लागणार. भूजल उपशावर बंधनं आणणाऱ्या २०१४ च्या कायद्यानंतर आमच्या खोऱ्यात ही बाब किरकोळ राहिलेली नाही. एवढं सगळं सोसून आलेलं फळ व्यापाऱ्याला निर्दोष हवं असतं, कारण सप्टेंबरमध्ये गिऱ्हाईक सफरचंदाकडे आणि द्राक्षाकडे वळलेलं असतं. त्याला पीचकडे परत आणायचं, तर ते पीच सरासरी असून चालणार नाही.

म्हणून तोड्याच्या वेळी हे करून बघा. फळ तळहातावर घ्या. अंगठ्यानं आधी देठाजवळचे खांदे दाबा, मग शिवण (फळावरची उभी खाच), मग टोक. खांदे टणक आणि टोक मऊ असेल तर ते फळ पॅकहाऊसच्या पट्ट्यावर पहिल्यांदा टोकाला चेमटणार. असा वाण मी पुढं नेत नाही, चव कितीही असो. मग शिवणीवरून सुरी कोयीपर्यंत फिरवा आणि दोन्ही अर्धुकं उलट दिशांना पिळा. गर कोयीपासून सुटला का? कोय अखंड आहे की दुभंगलेली? आत डिंक दिसतो का? कोयीभोवती लाली किती आहे? हे रोज एका फळावर, तोड्याच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर करा. पिकल्यावर किती दिवस फळ झाडाला धरून राहतं, की वाऱ्याच्या झुळकीनं खाली सडा पडतो, तेही लिहा. उशिराच्या वाणांत फळगळ हा मोठा दोष आहे आणि बाजारात आल्यावर तो झाकता येत नाही.

पेटंटबद्दल थोडक्यात. अमेरिकेत झाडांना पेटंट देण्याचा कायदा १९३० पासून आहे. कोयीतून मिळालेलं झाड लागवडीच्या जागेत सापडलेलं असेल, इतर वाणांपेक्षा स्पष्ट वेगळं असेल आणि तुम्ही ते डोळे भरून किंवा कलमानं तसंच्या तसं वाढवून दाखवलं असेल, तर अर्ज करता येतो. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क राहतो. मात्र विक्री किंवा जाहीर प्रसिद्धी झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. तेव्हा चाचणीसाठी झाडं देताना साधा का होईना, लेखी करार करा, आणि अर्जाच्या वेळी या विषयातला वकील गाठा. पण पेटंट म्हणजे वाण चांगला असल्याचा दाखला नव्हे. तो दाखला तीन जागांवरची झाडंच देतील.

प्रश्न : मॅडम, मी राहुरीला कृषी विद्यापीठात शिकतो. उशिरा पिकणारा पीचचा वाण ठरवून कसा तयार करतात? संकर कसा करतात आणि किती वर्षं लागतात? आता जीन कळल्यामुळे काम लवकर होतं का? (एक विद्यार्थी, राहुरी)

उत्तर : तू आंब्याचा रत्ना पाहिला असशील. वेंगुर्ल्याच्या केंद्रानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढून १९८१ मध्ये दिलेला. पीचमध्येही विचार तोच आहे, एकाकडून तारीख घ्यायची आणि दुसऱ्याकडून फळ. फरक असा की पीचचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं. त्यामुळे संकर करायचा तर फूल उमलण्याआधीच त्याचे पुंकेसर काढावे लागतात.

आमच्याकडे हे काम फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं. ज्या झाडाचा पराग हवा त्याच्या फुगलेल्या पण न उमललेल्या कळ्या आणायच्या आणि बारीक चाळणीवर हलक्या हातानं घासायच्या. परागकोश खाली कागदावर पडतात. रात्रभर कोरड्या खोलीत ठेवले की सकाळी ते फुटलेले दिसतात आणि कागदावर पिवळी धूळ असते. ती छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची. मग मादी झाड. त्याचीही कळी तशीच फुगलेली पाहिजे. अंगठा आणि तर्जनीच्या नखांत कळीचा पेला धरून गोल फिरवत ओढला की पाकळ्या आणि पुंकेसर एकत्र निघून येतात, आणि फांदीवर नुसता हिरवा स्त्रीकेसर उभा राहतो. पाकळ्या नाहीत म्हणून मधमाशी फारशी फिरकत नाही. बोटाच्या टोकावर पराग घेऊन त्या स्त्रीकेसराच्या चिकट माथ्याला लावायचा, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा लावायचा. नख जरा खोल गेलं तर स्त्रीकेसर दुखावतो आणि फळ धरत नाही. हे काम शिकवून येत नाही, हाताला सवयीनं येतं. आमच्याकडच्या मेक्सिकन बायका ते ज्या वेगानं आणि हळुवारपणे करतात, ते बघत राहावं.

काही वाणांत हे करावंच लागत नाही. जे. एच. हेल या जुन्या वाणाचा पराग निकामी असतो, त्याला नुसता बाहेरचा पराग लावला की झालं. रेडहेवनचे आई-बाप हेलहेवन आणि कॅलहेवन हे दोघेही जे. एच. हेलचीच लेकरं आहेत. यावरून तुला आमच्या क्षेत्रातली एक अडचणही कळेल. अमेरिकेतल्या जुन्या पीचची वंशावळ उकलत गेलं की पुन्हा पुन्हा त्याच चार-पाच नावांशी, आणि त्यामागे चायनीज क्लिंगशी पोचायला होतं. पीच मूळचं चीनचं. तिकडे त्याचं केवढं वैविध्य आहे! इथं आलं ते त्यातलं मूठभर. उशिराच्या वाणासाठी म्हणूनच बाहेर बघावं लागतं, चीनच्या उशिराच्या पीचकडे किंवा स्पेनच्या घट्ट गराच्या पीचकडे.

उशिराच्या संकरात एक सोय आहे. लवकर पिकणाऱ्या वाणात फळ पिकतं तेव्हा कोयीतलं बी कच्चंच असतं. ते मातीत रुजत नाही, प्रयोगशाळेत गर्भ काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. उशिराच्या फळात बी पूर्ण भरलेलं असतं. कोय फोडायची, बी ओलसर माध्यमात फ्रिजच्या थंडीत दोन-तीन महिने ठेवायचं, मूळ दिसलं की कुंडीत. म्हणून मी शक्यतो उशिराचं झाडच मादी घेते.

पिकण्याची तारीख आई-बापांच्या साधारण मध्यावर येते आणि दोन्ही बाजूंना पसरते. ऑगस्ट मध्य आणि सप्टेंबर मध्य यांचा संकर केला तर बहुतेक रोपं दोन्हींच्या मधली निघतात, पण काही आईपेक्षाही उशिराची असतात. आपल्याला शोधायची ती तीच. रोपं शेतात दाट लावतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ येतं, आणि मग ओळीतून चालत, चाखत, बहुतेक सगळी झाडं नाकारत जायचं. निवडलेल्या थोड्या झाडांचे डोळे भरायचे, पुन्हा फळ येईपर्यंत थांबायचं, नंतर बागायतदारांच्या शेतात चाचणी. परागापासून नर्सरीच्या यादीपर्यंत बारा-पंधरा वर्षं सहज जातात.

आता एक सापळा सांगते, तो लक्षात ठेव. ऑक्टोबर आला, बाकी सगळ्या झाडांचा माल संपला, आणि एका झाडावर हिरवट, टणक फळं घट्ट लटकलेली आहेत. नव्या माणसाला वाटतं, मिळाला सगळ्यांत उशिराचा वाण! ती फळं तोडून खोलीत पंधरा दिवस ठेव. खऱ्या उशिराच्या वाणाचं फळ मऊ होईल आणि घरभर वास सुटेल. या झाडाचं फळ मऊ होतच नाही. वास नाही, रस नाही, शेवटी ते सुरकुततं. हा एक वेगळा, सुप्त गुण आहे. पिकण्याच्या नियंत्रणात असलेल्या एका जीनचा तुकडा गळालेला असतो, आणि तो आई-बाप दोन्हीकडून आला की फळ पिकायचं विसरतं. फँटेसिया नावाच्या नामांकित नेक्टरिनमध्ये तो एका बाजूनं आहे. झाड बघून काही कळत नाही, पण त्याच्या स्वपरागी रोपांतला चौथा हिस्सा असा निघतो. उशिरावर डोळा ठेवून निवड करणारा माणूस नकळत याच गुणाची निवड करण्याचा धोका असतो.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. पीचची गुणसूत्रं फक्त आठ जोड्या. लॉव्हेल या वाणाचा पूर्ण जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पिकण्याच्या तारखेवर मोठा प्रभाव असणारी जागा चौथ्या गुणसूत्रावर, एनएसी गटातल्या (इतर जीन चालू-बंद करणाऱ्या) एका जीनपाशी, निश्चित झाली. फळ न पिकण्याचा गुणही त्याच भागातला. आता रोपाला चार पानं असतानाच एक पान तपासून सांगता येतं की हे लवकरचं आहे की उशिराचं, आणि न पिकण्याचा तुकडा त्यात आहे का. तीन वर्षं पाणी घालून मग उपटण्यापेक्षा हे किती तरी बरं. पण चव, टोकाचा टणकपणा, पावसाची सर आल्यावर किती फळं शाबूत राहतात, हे अजून शेतातच कळतं. प्रयोगशाळेमुळे नाकारण्याचं काम लवकर होतं. निवडण्याचं काम पूर्वीइतकाच वेळ घेतं, आणि त्यात घाई करणाऱ्या संस्थांबद्दल मला चिंता वाटते. त्यांच्या घाईची किंमत बागायतदार भरतो.

प्रश्न : पाचगणीजवळ आमची थोडी जमीन आहे. हवा थंड आहे. उशिरा पिकणारं पीच लावावं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लावू नका. दोन कारणं. पीचच्या डोळ्याला हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसच्या खालचे ठरावीक तास लागतात. आपल्याकडची थंडी अंगाला बोचते, पण एवढे तास भरत नाहीत, आणि मग झाड धड पानावर येत नाही की फुलावर. कमी थंडीवर भागणारे वाण आहेत. फ्लोरिडात तयार झालेला फ्लोरडाप्रिन्स साधारण १५० तासांवर फुलतो आणि पंजाबात शान-ए-पंजाबच्या जोडीनं लावला जातो. पण ते एप्रिल-मेमध्ये पिकतात, आणि तेच त्यांचं बळ आहे, पावसाच्या आधी माल घरात. उशिराचं पीच तुमच्याकडे जून ते सप्टेंबर भर पावसात झाडावर राहील. कूज आणि फळमाशी त्यातलं काही ठेवणार नाही. हिमाचलात राजगढच्या पट्ट्यातसुद्धा बागायतदाराचा डोळा जुलैच्या ढगांवर असतो. हौसेला दोन झाडं फ्लोरडाप्रिन्सची लावा, व्यापारी बाग स्ट्रॉबेरीचीच ठेवा.

प्रश्न : राम राम ताई. आम्ही दिंडोरीचे द्राक्षवाले. थंडीत घडांना पेपर लावतो, तसं तुमच्याकडे उशिराच्या पीचला लावतात का? दुसरं, क्रिमसन ही द्राक्षाची जात तुमच्या तिकडचीच म्हणतात, मग नव्या वाणांना रॉयल्टी का? (एक बागायतदार, दिंडोरी)

उत्तर : राम राम भाऊ. मी निफाडची, त्यामुळे पेपर लावण्याचे दिवस चांगले ठाऊक आहेत. कॅलिफोर्नियात मजुरी पाहता पीचला कोणी कागद लावत नाही. पण स्पेनमध्ये, तेरुएल प्रांतातल्या कालांदा गावाच्या परिसरात, नेमकं हेच करतात. तिथलं स्थानिक पीच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिकतं. उन्हाळ्यात फळ लहान असतानाच प्रत्येक फळावर मेणकागदाची पिशवी चढवतात, ती तोड्यापर्यंत राहते. फळमाशी आत जात नाही, औषधाचा अंश लागत नाही, आणि आत वाढलेलं फळ फिकट, एकसारखं पिवळं येतं. १९९९ पासून त्याला मूळस्थानाचं संरक्षण आहे, आपल्या जीआयसारखं. ठरलेल्या आकाराच्या आणि निदान १२ ब्रिक्स गोडीच्या फळालाच ते नाव लावता येतं. तिथल्या बागायतदारांनी आणि शास्त्रज्ञांनी जुन्या गावठी झाडांतून निवडून कालांते, हेस्का असे वाण पक्के केले. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. उशीर ही अडचण होती, तिचा त्यांनी बाजार केला, तो मेहनतीच्या आणि दर्जाच्या बळावर.

क्रिमसन सीडलेस अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फ्रेस्नो केंद्रात डेव्हिड रॅमिंग आणि रोनाल्ड तरैलो यांनी काढली, १९८९ मध्ये. तीसुद्धा उशिराचीच जात. ते काम सरकारी पैशानं झालं. आज बरेच वाण खासगी कंपन्या काढतात, त्यांचा बारा-पंधरा वर्षांचा खर्च रॉयल्टीतून निघतो. वाजवी रॉयल्टीला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो माल कोणाला विकायचा हेही करारात बांधून टाकण्याला. सही करण्याआधी करार मराठीत वाचून घ्या. आणि हे लक्षात असू द्या की आपल्या २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्यालाही स्वतःचा वाण नोंदवता येतो, झाडं आणि वेलींना १८ वर्षं संरक्षण आहे. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांची शरद सीडलेस बागेतल्या एका वेगळ्या फांदीवर, वेगळ्या वेलीवर नजर ठरल्यामुळेच मिळाली. पीचमध्येही असं होतं. एका फांदीचा माल बाकी झाडापेक्षा वेगळ्या वेळी पिकतो आणि तिचे डोळे भरले की नवा वाण मिळतो. अर्ली रेडहेवन असाच रेडहेवनच्या फांदीतून आला. तुमच्या बागेत अशी फांदी दिसली तर छाटणीच्या आधी तिला फीत बांधा.

प्रश्न : इथं न्यू जर्सीत सप्टेंबरमध्ये दुकानातून आणलेलं पीच दिसायला सुरेख असतं, पण खाताना पिठूळ, कोरडं लागतं. उशिराची फळं अशीच असतात का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : नाही हो, आणि लोकांचा असा समज होतो याचं मला वाईट वाटतं. हापूसमध्ये साका जसा बाहेरून कळत नाही, तसाच हा आतला बिघाड आहे. पीच साधारण २ ते ८ अंश तापमानात बरेच दिवस राहिलं की गरातलं पेक्टिन नीट विरघळत नाही. रस पेशींत अडकून राहतो, गर पिठूळ होतो आणि पुढं कोयीभोवती तपकिरी पडतो. शून्य अंशाला फळ जास्त टिकतं, आणि खोलीच्या तापमानाला ते नीट पिकतं. नुकसान या दोन्हींच्या मधल्या थंडीत होतं. उशिराचे वाण या बिघाडाला जास्त बळी पडतात, ओ'हेन्रीसुद्धा. म्हणून नवा उशिराचा वाण निवडताना आम्ही फळं मुद्दाम ५ अंशाला दोन-तीन आठवडे ठेवतो, मग बाहेर काढून पिकवून कापतो. या कसोटीत पडलेला वाण बागायतदाराला देऊ नये असं माझं ठाम मत आहे, झाडावरून तोडून खाल्लेलं फळ कितीही गोड असो.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. घरातला फ्रिज नेमका ४-५ अंशावर असतो, कडक पीच त्यात ठेवूच नका. देठाजवळ हिरवी झाक नसलेली फळं घ्या, कागदी पिशवीत, एकावर एक न रचता, ओट्यावर ठेवा. दोन-तीन दिवसांत खांद्याजवळ दाबल्यावर थोडं दबायला लागलं की खा. उरलीच तर पिकल्यानंतर एक-दोन दिवस फ्रिजमध्ये चालतील. आणि तुमच्याकडच्या शेतकरी बाजारात सप्टेंबरमध्ये स्थानिक पीच मिळत असेल तर दुकानातलं घेऊ नका. विकणाऱ्याला वाणाचं नाव विचारा आणि पुढच्या पत्रात मला कळवा.